त्या बाईला माहीत होतं की नव्हतं

शेवंता,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक बोलले. एकेक जण उठला, तुझ्या फोटोपुढं हात जोडले आणि बोलला. शांत स्वभावाची होती. कोणाला उलटून बोलली नाही. नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होतो आणि माझं मलाच कळेना, ही कोण बाई गेली? माझी बायको तर भाकरी थापता थापता भांडायची. हात थांबायचा नाही, तोंडही थांबायचं नाही, आणि भाकरी गोलच व्हायची.

सुजाता म्हणाली, "बाबा, तुमी पण चार शब्द बोला." मी उठलो नाही. तुझ्याशी बोलायला मला कधी माईक लागला नाही. चारचौघांत बोलायची आपल्याला सवयही नव्हती, आपलं जे काय ते चुलीपाशी. म्हणून लिहितो. चौथी शिकलेला माणूस, अक्षर लावायला वेळ लागतो. लागू दे. आता वेळच वेळ आहे.

तू गेल्याचं दुःख सगळ्यांना दिसतं. मला त्याच्याबद्दल लिहायचं नाही. दुसरीच गोष्ट आहे. जेवणं आटपल्यावर मी नळावर हात धूत होतो. तुझा धाकटा भाऊ काशिनाथ शेजारी येऊन उभा राहिला. तोही हात धूत राहिला, हात स्वच्छ झाले तरी धूत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "दाजी, एक सांगू? आक्काला सगळं म्हाईत होतं."

"काय म्हाईत होतं?"

"आजाराचं. पयल्यापासनं."

मी म्हटलं, "काशिनाथ, जेवलास ना पोटभर? मग नीघ. फेरीबोट सुटंल."

तो गेला. पण ते वाक्य ठेवून गेला. तेव्हापासून मी दुसरं काही करत नाही, तेवढंच उलटंसुलटं करत बसतो. तुला माहीत होतं की नव्हतं. आणि बघ शेवंता, हेच भांडण आपण जन्मभर भांडलो, एका भलत्याच बाईवरून. सिनेमातल्या.

सिनेमाचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव घेतलं की जो तो आपलं मत सांगायला लागतो, आणि मला आज फक्त तुझं मत पाहिजे आहे.

आपल्या लग्नाच्या आदल्या वर्षी तो तंबूत लागला होता. शहरात लागून जुना झालेला, मग आपल्याकडं आलेला. पहिले काही दिवस तंबू ह्या काठाला, आगरदांड्याच्या अलीकडं होता. मी सगळं सोडून दोनदा बघितला. मग तंबू उठला आणि खाडी ओलांडून पलीकडं तुमच्या बोर्लीला गेला. मी तेव्हा हसनभायच्या लाँचवर खलाशी. तंबूचं सामान आमच्याच लाँचवर चढलं. पलीकडं दिघीच्या बंदराला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती, लाँच धक्क्याला लागेना. मग चिखलातून डोक्यावरनं सामान न्यायचं. तंबूवाल्याच्या माणसाचा पाय घसरला आणि सिनेमाचे सगळे डबे खाडीच्या चिखलात. त्यांनी तिथंच पाणी मारून डबे धुतले. डब्यांवर खडूनं आकडे घातलेले होते, ते गेले. कुठला डबा आधी आणि कुठला मागनं, सांगणारं कोणी राहिलं नाही. बोर्लीला अंदाजानं लावला.

दुसरा एखादा सिनेमा असता तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. पण हा सिनेमाच असा गुंत्याचा की कोणाला संशय आला नाही. त्या वेळचे सगळे मोठे नट त्यात कोंबलेले. तीन हिरो, दोन हिरोइनी, वर एक नाचणारी. नाव कोणाचं लक्षात राहणार, म्हणून आपण म्हणायचो उंच, टोपीवाला आणि मिशीवाला. गुन्हेगारांचा म्होरक्या पांढरा कोट घालून दात काढायच्या खुर्चीत बसायचा आणि तिथनं हुकूम सोडायचा. सोनं बर्फाच्या लादीत गोठवून मासळीबरोबर पाठवायचे. उंच हा पोलिसांचा माणूस, पण पोलिसांना ते माहीत नाही. टोपीवाला चोर, पण मनानं चांगला. मिशीवाला बर्फाच्या कारखान्यात मॅनेजर, सगळ्यांना वाटतं देवमाणूस, आणि तोच पांढऱ्या कोटाला आतनं मिळालेला. मध्येच हेलिकॉप्टर यायचं. का यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या बोर्लीत पांढरा कोट मध्यंतराआधीच मेला. बर्फाखाली दबून. आणि मध्यंतरानंतर परत खुर्चीत बसलेला दिसला. आता डबे उलटे लागले असं कोणाच्या डोक्यात येणार? बोर्लीच्या लोकांनी ठरवून टाकलं, हा त्याचा जुळा भाऊ. पूर्ण गावानं. वर्षानुवर्षं तुझ्या माहेरी कोणालाही विचारलं तर सांगायचे, पहिल्या भावापेक्षा दुसऱ्या भावाचं काम झकास.

लग्नानंतर मी तुला पहिली गोष्ट काय विचारली असेन तर हा सिनेमा बघितलास का. नव्या बायकोशी काय बोलायचं मला सुचत नव्हतं. तू म्हणालीस, "बघितला. दुसरा भाऊ मरतो तवा मी रडले." मी म्हटलं कुठला दुसरा भाऊ? आणि तिथनं जे सुरू झालं.

मी तुला चिखल सांगितला, डबे सांगितले, खडू सांगितला. मी स्वतः तिथं उभा होतो म्हणून सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे तुमच्या काठाला उलटा दाखवला व्हय? मंग आमच्याकडं येऊन सुलटा झाला." तेव्हा मला कळलं, ही बाई हरणाऱ्यातली नाही.

जुळ्या भावाचं मी सोडून दिलं. पण मिशीवाल्याच्या बायकोचं मला सोडता आलं नाही. मोठं कुंकू लावणारी, तिला सिनेमात काम थोडंच. एक सीन आहे. मिशीवाला घरात फोनवर पांढऱ्या कोटाशी बोलतोय, ह्याला संपवा, माल हलवा, असलं काहीतरी. आणि ती दारात उभी. अर्धी सावलीत. एका हातात वाढायची पळी. तो वळतो, दचकतो. ती म्हणते, जेवायला वाढलंय. बस. एवढंच. मग सगळा सिनेमा ती काही बोलत नाही. शेवटी नवरा गोळी लागून बर्फावर पडतो, सगळे रडतात, ती रडत नाही. नुसती उभी.

मी म्हणायचो, तिला काही माहीत नाही. ती जेवायला बोलवायला आली आणि बोलावून गेली.

तू म्हणायचीस, तिला सगळं माहीत आहे.

तुमच्याकडं तर तो डबा त्या दोघांच्या लग्नाच्या गाण्याच्याही आधी लागलेला. म्हणजे बोर्लीच्या हिशेबानं तिनं आधी ऐकलं आणि मग त्याच्याशीच लग्न केलं. मी म्हटलं, अगं लग्नाआधी ती त्याच्या घरात पळी घेऊन काय करतेय? तू म्हणालीस, "शेजारीण असंल. आमटी द्यायला आली असंल."



आपल्या ह्या भांडणात सगळी वाडी पडली. ज्यांनी ह्या काठाला बघितला ते माझ्या बाजूनं, ज्या बायका पलीकडून लग्न करून आल्या त्या तुझ्या बाजूनं. हसनभायला विचारलं तर तो ना इकडचा ना तिकडचा. तो म्हणायचा, "मला त्या बाईचं काय सांगतोस? त्यो लाँच चालवणारा बघ. पाण्याकडं बघतच न्हाय, हिरोइनीकडं बघतो. असला तांडेल मला मिळाला तर मी त्याला खाडीत ढकलीन." तू चहाचा कप त्याच्या हातात देत म्हणालीस, "हसनभाय, तुमी सिनेमा बघता का लाँच बघता?" तो म्हणाला, "भाभी, पैसे दिले सिनेमाचे, आवडली लाँच."

पुढं टीव्हीवर तो सिनेमा लागला. सगळी वाडी आपल्या ओटीवर. मी मनात खूश, आज हिची जिरणार. सिनेमा सरळ लागला, जुळा भाऊ कुठं नाही, पांढरा कोट एकदाच मेला. मी तुझ्याकडं बघितलं. तू शांतपणे म्हणालीस, "टीव्हीवाल्यांनी एक भाऊ कापला." आणि दारातला सीन आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालीस, "आता बघा हिच्या डोळ्याकडं."

मी बघितलं. मला डोळ्यात काही दिसलं नाही. नटीला काम येत नव्हतं, हे माझं मत. शेवटी ती रडत नाही त्याचंही कारण मी तेच सांगायचो, तिला रडायचं काम जमत नव्हतं म्हणून उभी केली. तू म्हणायचीस, "तिचं रडून झालं होतं."

आता आजाराचं लिहितो. टाळून उपयोग नाही.

अलिबागला तपासण्या झाल्या, तिथनं मुंबईला पाठवलं. डॉक्टरनं मला आणि आपल्या पोराला, मिलिंदला, आत बोलावलं, तू बाहेर बाकावर. कॅन्सर, पोटात पसरलेला, कापून फायदा नाही, असं त्यानं सांगितलं. चांगला माणूस होता, हळू आवाजात बोलला. बाहेर यायच्या आधी मिलिंदनं माझा दंड धरला. "बाबा, आईला सांगायचं न्हाय." मी हो म्हटलं. तुझ्या आईला तिच्या आजारात असंच सांगून टाकलं होतं, ते मी बघितलेलं होतं. त्या दिवसापासून ती माउली भिंतीकडं तोंड करून पडली ती परत वळली नाही. आजारानं मारायच्या आधी त्या शब्दानं मारलं तिला. तुला तसं मारायचं नव्हतं. मी चूक केली असं मी आजही म्हणणार नाही.

बाहेर आलो. तू विचारलंस, "काय म्हनाले?"

मी म्हटलं, "सूज हाय पोटाला. गोळ्यांनी उतरंल."

तू म्हणालीस, "बरं."

बरं. एवढंच. जी बाई मच्छीवालीला सुरमई ताजी कशावरून म्हणून तीनदा विचारायची, जी सरकारी डॉक्टरीणबाईला म्हणाली होती की तुमचं मशीन बिघडलंय, माझा बीपी कधी एवढा नसतो, ती बाई नवऱ्यानं सूज सांगितली आणि बरं म्हणाली. कसली सूज नाही, कशानं आली नाही, मुंबईचा डॉक्टर कशाला लागला मग, नाही. पिशवीतनं पाण्याची बाटली काढलीस, आधी मिलिंदला दिलीस, मग मला. "प्या, तोंड सुकलंय तुमचं." माझं लक्ष माझ्या तोंडाकडं, की ते खोटं दिसू नये. तुझ्या तोंडाकडं बघायचं राहून गेलं.

मग मी कामाला लागलो. हसायचं काम. सकाळी उठून तुला म्हणायचो, आज तोंडावर तेज आलंय. जेवण गेलं नाही तर म्हणायचो, उन्हाचं कोणालाच जात नाही. पाऊस संपला की पालीला सुजाताकडं जाऊन राहू, असे बेत करायचो. रडायचं झालं की जेटीवर जायचो, हसनभायपाशी. तो म्हातारा आता लाँचवर जात नाही, नुसता धक्क्यावर बसतो. त्याच्या शेजारी बसायचो. तो काही विचारायचा नाही. बिडी पुढं करायचा. मग तोंड धुवून घरी. तू विचारायचीस, "कुठं गेलता?" मी सांगायचो, हसनभाय सोडत नव्हता. तू म्हणायचीस, "बसत जा त्याच्यापाशी. बरं असतं."



सुजाता राहायला आली ती शेवटचे दोन महिने. एक दिवस दुपारी तिनं मोबाईलवर तो सिनेमा काढला. म्हणाली, "आई, तुमचा सिनेमा. पूर्ण हाय." उशीला टेकवून तुला बसवली, मी पलंगाच्या कडेला. सिनेमाखाली लोकांनी मतं लिहिलेली होती. जगभरचे लोक, आपण वाडीतल्या वाडीत भांडत होतो तेच. सुजाता वाचून दाखवायला लागली. एकानं लिहिलेलं, गोष्ट कळायला परत जन्म घ्यावा लागेल पण गाणी छान. एकानं लिहिलं, एवढे नट घेतले, कोणालाच काम दिलं नाही. एकजण विचारत होता हेलिकॉप्टर कशाला आणलं. मी म्हटलं, बघ, माझ्यासारखा हाय कोणीतरी. तू हसलीस. हसताना पोट धरलंस.

सुजाता म्हणाली, "आई, तुझं मत सांग, मी टाकते."

तू म्हणालीस, "नको. ज्याला सांगायचं त्याला सांगितलंय."

दारातला सीन आला. तू बोट केलंस, "थांबव." ती बाई मोबाईलच्या काचेत तशीच उभी राहिली, पळी घेऊन. तुझा आवाज तोवर बारीक झाला होता.

"आता बघा. जवळनं बघा."

"बघतोय. जेवायला बोलवायला आलीय."

"जेवायला बोलवायला आलेली बाई दारात येवढी उभी ऱ्हात न्हाय."

"मग बोलली का न्हाय ती? तुझ्यासारखी बाई असती तर तिथंच पळी फेकून मारली असती."

"बोलली असती तर त्यानं घरात तोंड कुठं ठेवलं असतं?" तू म्हणालीस. "बाहेर त्याचं काय हाय ते त्याला कळतंय. घरी येतो तवा त्याला वाटतं हितं कोणाला म्हाईत न्हाय. तेवढा घास त्याला गोड लागतो. ती कशाला काढून घील?"

सुजाता उठून आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. मी म्हटलं, "तू काय पण सांगतेस. त्या नटीला काम येत न्हाय."

तू म्हणालीस, "बरं. चालू करा."

पुन्हा तेच "बरं". मी तेव्हाही ऐकलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गेलीस. सकाळी, भरतीचं पाणी होतं. मी तुझ्या पायाला तेल लावत होतो. आधी वाटलं तेलच हाताला थंड लागतंय, मग कळलं थंड काय आहे ते. ह्याहून जास्त मी लिहिणार नाही. ते माझं मला राहू दे.

काशिनाथला नळावरून हाकलला, पण झोप लागेना. म्हणून काल फेरीबोटीनं गेलो बोर्लीला. आता गाड्या चढतात बोटीवर, चिखलातून जावं लागत नाही. काशिनाथ अंगणात जाळं विणत बसला होता. मला बघून उठला नाही. "या. भांडायला आलाव ना?"

"व्हय. तुला कोणी सांगितलं तिला म्हाईत होतं म्हणून?"

"तिनंच."

मग त्यानं सांगितलं. तू हट्ट धरून माहेरी आली होतीस, मिलिंदच्या गाडीनं, दुपारपुरती. मी नको म्हणत होतो, धक्के बसतील म्हणून. काशिनाथच्या बायकोनं कोलंबी केली होती. तू दोन घास खाल्लेस. मग त्याला परसात घेऊन गेलीस आणि म्हणालीस, काशा, मी आता परत यायची न्हाय. तो रडायला लागला तर त्याला रागावलीस. म्हणालीस, मी त्या बाकावर बसले होते, ते दोघं दारातनं भायेर आले तवाच मला कळलं, मला रिपोर्ट वाचता येत न्हाय पण माझा माणूस वाचता येतो. आणि म्हणालीस, "तुझ्या दाजीला कळू देऊ नको. त्यांना एक काम मिळालंय मला हसवायचं. तेवढ्यावर उभे हायत. ते काढलं तर ते माझ्या आधी पडतील."

मी म्हटलं, "तू खोटं बोलतोस."

"कशाला बोलू?"

"तुमी बोर्लीवाले. मेलेल्या माणसाला जुळा भाऊ काढणारी माणसं. तुमच्या गोष्टीवर मी इश्वास ठेवू व्हय?"

काशिनाथनं जाळ्याची गाठ आवळली. म्हणाला, "नका ठेवू, दाजी. जेवून जा पण."

मी जेवलो नाही. परतीच्या बोटीत मी तुला लई शिव्या दिल्या, शेवंता. मनातल्या मनात. एवढे महिने मी माझ्या घरात नाटक करत होतो आणि तू बघत बसली होतीस. मी मेहनत घेत होतो. जेटीवर तोंड धुताना पाण्यात हसून बघायचो, बरोबर दिसतंय का. आणि तू पलंगावरून सगळं बघून घेऊन बरं म्हणायचीस. ह्याला काय म्हणायचं? प्रेम म्हणायचं तर म्हणा. मला त्या बोटीत ती फसवणूक वाटली. घरी जाऊन तुझ्या फोटोला पाठ करून बसायचं, असं ठरवून उतरलो.

घरी आलो तर भूक लागलेली. सुजाता पालीला गेलेली, मिलिंद पनवेलला, ड्युटीवर. म्हटलं भात टाकू. तांदूळ धुतले, ओट्यावर गॅसपाशी उभा राहिलो, आणि तिथं माझ्या लक्षात आलं.

तुझ्यासाठी मी ओटा करून घेतला होता आजारपणात. तोही माझ्या नाटकातलाच भाग. जन्मभर तू खाली बसून रांधलंस, म्हटलं आता बरी झालीस की उभ्यानं स्वयंपाक कर. गवंडी आणला, कडप्पा आणला. तू पलंगावरून उठून धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलीस आणि गवंड्याला म्हणालीस, "ह्यांच्या कमरेला लागंल येवढा उंच कर."

तो पोरगेला गवंडी, सरळ मनाचा. म्हणाला, "काकी, तुमाला लई उंच पडंल. तुमचा हात पोचायचा न्हाय डब्याला."

"पडू दे. मी सांगते तेवढा कर."

मी तिथंच उभा होतो. मला वाटलं औषधांनी तुझं डोकं फिरलंय. गवंड्याला डोळ्यानं खूण केली, करू दे म्हातारीच्या मनासारखं. त्यानं केला.

काल मी त्या ओट्यावर भात टाकला. वाकावं लागलं नाही. पाठ दुखली नाही. मीठ, तेल, हळद, सगळं माझा हात जाईल तिथं. तू एक दिवस त्या ओट्यावर उभी राहिली नाहीस. आणि तो ओटा तू तुझ्यासाठी करून घेतलाच नव्हतास.

भात करपला. मी बघतच राहिलो.

काशिनाथचं खरं. तुला माहीत होतं. बाकावरून माहीत होतं, बाटली पुढं केलीस तेव्हा माहीत होतं, हसनभायपाशी बसत जा म्हणालीस तेव्हा माहीत होतं. मोबाईल थांबवलास तेव्हा तर तू मला सांगतच होतीस, त्याच्याहून सरळ कोणी कसं सांगणार. सुजाताला कळलं, ती उठून गेली. मला कळलं नाही, मी नटीच्या कामाबद्दल बोलत बसलो.

बोटीतल्या शिव्या मी परत घेतो. तू मला उभं ठेवलंस. ते काम नसतं तर मी खरंच पडलो असतो, तू मला ओळखून होतीस. त्याचे उपकार मी मानतो, आणि राग पण येतो, दोन्ही येतं, एकाच घासाला. कारण तुझं काय? मला रडायला जेटी होती, हसनभाय होता. तू कुठं रडलीस? माझी पाठ वळली की रडायचीस का? का त्या बाईसारखं तुझं आधीच रडून झालं होतं? मला तुला एकदा विचारायचं होतं, भीती वाटते का. एवढंच. तू हो म्हणाली असतीस तर मी काही करू शकलो नसतो. पण विचारलं असतं. दोघांनी एकदा दार लावून रडून घेतलं असतं आणि मग परत सूज सूज म्हणत राहिलो असतो, माझी ना नव्हती.

तू जायच्या आदल्या दुपारी मी गोळ्यांची पट्टी घेऊन आलो. तू भिंतीला टेकून बसली होतीस, डोळे मिटून.

मी विचारलं, "सकाळची घेतलीस का?"

"घेतली."

"कसं वाटतंय?"

तू डोळे उघडलेस. माझ्याकडं बघितलंस, चांगलं निरखून. मग म्हणालीस, "सूज उतरतीय."

मी म्हटलं, "मी सांगितलं न्हवतं?"